चौदा फुटांनी बुटका झालेला खांब

मी एक जुना मुरमाचा खांब आहे. मला कुणी बांधले नाही, घडवले नाही की भट्टीत भाजले नाही. माझ्या आजूबाजूचे सगळे खणून नेले आणि मी तेवढा उरलो. मित्रांनो, तुमचा जन्म झाला तेव्हा घरात पेढे वाटले असतील. माझा जन्म झाला तेव्हा माझे सगळे घरच डंपरमध्ये बसून निघून गेले.

माझे गाव कात्रजच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. नाव सांगत नाही. सांगितले तर त्या गावची दोन-चार मुले तुमच्याच वर्गात निघतील आणि तुम्ही त्यांना उगाच चिडवत बसाल. गावाच्या मागे गायरान आहे. गायरान म्हणजे सगळ्यांची जमीन, गुरांना चरायला राखून ठेवलेली. पूर्वी मी त्या गायरानाचाच भाग होतो. वेगळा असा कुणी नव्हतोच. अंगावर कुसळीचे गवत होते, गवतात सरुबाईच्या शेळ्या चरत होत्या, आणि आपल्याला एक दिवस नाव, नंबर आणि नियम चिकटणार आहेत याची मला सुतराम कल्पना नव्हती.

तेव्हा पुणे नुसते वाढत सुटले होते. कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या, काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, शहराला वळसा घालणारा नवा रस्ता होत होता. इमारत वरून कितीही चकचकीत असली तरी तिच्या पायाशी भर घालायला मुरूमच लागतो. हे ज्यांना आधी कळले त्यांत आमच्या गावचा दिग्विजय होता. मोठ्या जमीनदार घरातला मुलगा. त्याने वाटणीचे शेत विकून दोन डंपर आणि खणायचे एक पोकलेन यंत्र घेतले, हातात मोबाइल घेतला आणि गायरानातला मुरूम काढण्यासाठी अर्ज केला. ग्रामपंचायतीने ठराव दिला. तलाठ्याने पंचनामा केला आणि त्यात जागेचे वर्णन एका शब्दात उरकले: ‘उंचसखल’. मग तालुक्याच्या कचेरीतून परवाना आला.

परवान्यात तीन अटी होत्या. सहा फुटांपेक्षा खोल जायचे नाही. घरांपासून पन्नास पावले लांब राहायचे. आणि मधोमध एक खांब न खणता सोडायचा. ही तिसरी अट म्हणजे मी.

तुम्ही विचाराल, खांब कशाला सोडायचा? सोपे आहे. सगळीकडे खणून झाल्यावर जमीन आधी कुठवर होती हे कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून मध्ये एक तुकडा तसाच ठेवतात. त्याच्या डोक्यावर मूळचे गवत असते. गवतापासून पायापर्यंत टेप धरला की किती खणले ते कळते. गवत ही माझी टोपी नव्हती, ती माझी खूण होती. तलाठी जाताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला होता, “याला कुणी हात लावायचा नाही. सगळी मोजणी याच्यावर आहे.” खोटे कशाला बोलू, मी भलताच फुगलो होतो.

पहिल्या आठवड्यात माझे शेजारी गेले. दुसऱ्या आठवड्यात माझ्या चारी बाजू उघड्या पडल्या आणि मला पहिल्यांदा स्वतःचे अंग दिसले. आधी हातभर काळसर माती, खाली तांबडा मुरूम. पोकलेन सहा फुटांवर थांबेल अशी माझी समजूत होती, कारण तसे लिहिले होते! ते थांबले नाही. आठ झाले, बारा झाले. तांबडा संपून पिवळा लागला. मी दर सकाळी खाली पाहायचो आणि जमीन आणखी खाली गेलेली असायची. मला वाटायचे, आज कुणीतरी येईल आणि ओरडेल. तलाठ्याची बदली झाली होती. नवीन माणूस आला नव्हता. वीस फुटांवर राखाडी कातळ लागला तेव्हाच ते यंत्र थांबले, आणि मग आडवे वळून सरुबाईच्या घराकडे सरकू लागले.

सरुबाईचे घर खाणीच्या वरच्या कडेला आहे. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे सारवलेले अंगण. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. एकुलता एक मुलगा बजरंग, तो दिग्विजयकडेच कामाला होता. पोकलेन माझ्या फार जवळ येऊ नये म्हणून माझ्या कडेचा मुरूम तो हाताने, कुदळीने काढायचा. त्यामुळे आमची चांगली ओळख होती. घाम पुसायला तो माझ्याच सावलीत बसायचा आणि भाकरीही तिथेच खायचा. माझे डोके तेव्हा बरोबर सरुबाईच्या अंगणाच्या उंचीला होते. ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायची आणि माझे गवत तिला समोर दिसायचे.

घर आणि खाण यांच्यातली पन्नास पावले हळूहळू बारा झाली. मागच्या भिंतीला चीर पडली, आधी केसाएवढी, मग बोट जाईल एवढी. परवान्याची मुदत संपत आली होती. खोदकाम सहा फुटांच्या आत आहे असे मोजणीत निघाले असते तर आणखी एक वर्ष मिळणार होते, आणि त्या वर्षात ती बारा पावले गेली असती, घरही गेले असते. हे सरुबाईला पक्के माहीत होते. म्हणून ती एक दिवस एसटीने तालुक्याला गेली, अर्ज लिहिणाऱ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि कचेरीत देऊन आली. बजरंगला तिने काहीच सांगितले नाही. पोराचा पगार त्याच खाणीतून येत होता, त्याच्या डोक्याला ताप कशाला, असा तिचा विचार.

आठ दिवसांत दिग्विजयला कचेरीचे पत्र आले, की मोजणी होणार आहे. त्यात अर्ज कुणाचा हे काही लिहिले नव्हते. मुदतवाढीसाठी मोजणी होतेच, तशीच ही, असे दिग्विजयला वाटले. बजरंगलाही तसेच वाटले.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते सांगताना आजही माझ्या अंगाची माती सुटते.

गणपती होऊन गेले होते. रविवार होता, यंत्रे बंद होती. बजरंग एकटाच शिडी घेऊन आला. मला वाटले, नेहमीसारखा कडा तासायला आला असेल. तो शिडीने थेट माझ्या डोक्यावर चढला. फावड्याने त्याने माझे गवत अलगद, सबंधच्या सबंध उचलले, ओल्या पोत्यात गुंडाळले आणि सावलीला ठेवले. मग कुदळ उचलली. पहिला घाव बसला तेव्हा मला वाटले, चुकून बसला. दुसरा, तिसरा. अरे, मी मोजणीचा खांब! मला हात लावायचा नसतो! माझ्या सावलीत बसून जेवणारा हा माणूस मला वरून खाली कापत होता. काळी माती गेली, सगळा तांबडा मुरूम गेला. दिवस कलेपर्यंत चौदा फूट गेले. खाली सहा फूट शिल्लक राहिले तेव्हा तो थांबला, पोते सोडले आणि माझे गवत आणून माझ्या नव्या डोक्यावर नीट दाबून बसवले. कडेने पाणीही शिंपडले. मग जवळच मटकन बसला आणि बराच वेळ दोन्ही हात चेहऱ्यावर घेऊन राहिला.

का केले त्याने? दिग्विजयने सांगितले होते, “सहा फूट ठेव फक्त. मुदतवाढ मिळाली की तुला डंपरवर ड्रायव्हर करतो. आणि तुमच्या घराला आपण हात लावणार नाही, शब्द आहे माझा.” बजरंगने त्या शब्दावर विश्वास ठेवला. आईला त्यानेही काही सांगितले नाही. एका घरात दोन माणसे, आणि दोघांनी एकमेकांपासून एकाच खाणीची गोष्ट लपवलेली.

सोमवारी मोजणी झाली. आले होते सर्कलसाहेब, म्हणजे तलाठ्यांचे वरचे अधिकारी, श्रीनिवासराव. बावीस वर्षे नोकरी, शर्टाच्या खिशाला दोन पेने, आणि कुणाच्या बापाचे ऐकायचे नाही असा लौकिक. दिग्विजयने चहा मागवला.

“नको,” श्रीनिवासराव म्हणाले. “मी घरून पिऊन निघतो. आपल्यासारख्यांचा खर्च वाचतो.”

दिग्विजय हसला. “साहेब, एवढं खोल दिसतंय ना, ते सगळं आमचं नाही. इथे जुना खड्डा होता, माझ्या आजोबांच्या वेळचा. आम्ही त्याच्या तळातून सहा फूट काढलंय, बस. पंचनाम्यात उंचसखल लिहिलंच आहे.”

“आपण बोलू नका. टेप बोलेल.”

टेप बोलला, सहा फूट. श्रीनिवासरावांनी तेवढ्यावर सोडले नाही. पिशवीतून त्यांनी एक टोकदार सळई काढली. ही सळई सगळ्या तालुक्यातल्या मजुरांना माहीत होती. मजुरी मापावर मिळते, म्हणून कधी कधी मजूर खांबाच्या डोक्यावर वीतभर माती थापून वर गवत लावतात. खांब उंच झाला की माप वाढते. श्रीनिवासराव सळई खुपसून अशी थापलेली माती बरोबर पकडत. त्यांनी ती माझ्या डोक्यात खुपसली. चार बोटे आत गेली आणि टक्कन मुरमाला लागली. ते समाधानाने म्हणाले, “वर माती टाकलेली नाही. खांब खरा आहे.”

मला काय वाटले असेल? मी खरा? माझे चौदा फूट रातोरात डंपरमध्ये भरून गेले होते आणि तालुक्यातला सगळ्यात कडक माणूस मला खरा म्हणत होता! मला तोंड असते तर मी तिथेच बोंब ठोकली असती.

साहेब लिहू लागले तेवढ्यात सरुबाई उतारावरून, पदर खोचत, खाली आली.

“सायेब, ह्यो खांब एवढुसा न्हवता. माज्या उंबऱ्यातनं ह्येचं गवत दिसायचं. परवापातुर दिसत हुतं.”

“बाई, आपलं म्हणणं ऐकलं. पण दिसायचं हे माप नाही. मापाला पुरावा लागतो.”

सरुबाई माझ्याजवळ आली. तिने डोंगराकडे पाहिले, मग माझ्या डोक्याकडे.

“भादव्याचं दिस हायेत. साऱ्या डोंगराचं गवत हिरवंगार. मग ह्येचंच का सुकलं?”

कुणी काही म्हणायच्या आत तिने हात वर करून माझे गवत धरले आणि ओढले. ते सगळेच्या सगळे, जमिनीवरची चटई उचलावी तसे, तिच्या हातात आले. खाली मुळे सरळ रेषेत कापलेली. मुळांखाली पिवळा मुरूम, आणि त्यावर कुदळीचे ताजे वळ.

“ह्ये हितं उगावल्यालं न्हाई,” ती म्हणाली. “ह्ये आनून ठिवलंय.”

श्रीनिवासरावांच्या हातातली सळई खाली पडली. ते ताज्या वळांकडे पाहत राहिले. आवाजातली नेहमीची धारही गेली होती.

“बावीस वर्षं मी वर टाकलेली माती शोधतोय,” ते म्हणाले. “मजूर माप वाढवतात एवढंच आम्हाला शिकवलं. मालक खांब उतरवेल हे... हे माझ्या डोक्यातच आलं नाही.” मग एकदम मान वर करून त्यांनी विचारले, “कोणी केलं हे?”

दिग्विजयने डोळ्याची पापणीही न हलवता बोट केले. “मजुरांचे उद्योग, साहेब. खांब या बजरंगच्या ताब्यात होता. विचारा त्याला.”

बजरंग बाजूलाच उभा होता. तो दिग्विजयकडे असा पाहू लागला जणू त्याला समोरचा माणूस ओळखू येईना. श्रीनिवासरावांनी फाइल उघडली.

“अर्जदार सरुबाई, आपण पुढे या. पंचनाम्यावर अंगठा लागेल.”

“आये,” बजरंग म्हणाला, “अर्ज तुजा हाय?”

सरुबाई वळली. हातात अजून माझे गवत होते.

“आन खांब तू कापलास?”

मी दोघांच्या मध्ये उभा होतो.

श्रीनिवासराव हळूच म्हणाले, “बाई, अंगठा दिलात तर परवाना रद्द होईल. पण फेरफार करणाऱ्याचं नाव मला लिहावं लागेल. त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. विचार करा.”

एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला पोटचा पोरगा. सरुबाईने विचार केला की नाही, मला सांगता येणार नाही.

“लिवा सायेब,” ती म्हणाली. “कापनारा माजा ल्योक. आन कुनी सांगितलं ते त्यो सांगंल. त्याला खोटं बोलाया म्या शिकवल्यालं न्हाई.”

बजरंगने मान खाली घातली. “म्याच कापला. दिग्विजयदादांनी सांगितलं. सहा फूट ठिव म्हनले.”

“काहीही बडबडतोय हा. प्रूफ आहे का?” दिग्विजय म्हणाला आणि मोबाइल कानाला लावून गाडीकडे निघून गेला. सरुबाईने पंचनाम्यावर अंगठा उठवला.

खोदकाम थांबले. भिंतीची चीर तशीच राहिली, पण घर वाचले. गुन्हा मात्र एकट्या बजरंगवर लागला. दिग्विजयविरुद्ध त्याच्या शब्दापलीकडे काही नव्हते. पंधरा दिवसांत त्याला दुसऱ्या गावात दुसरा परवाना मिळाला. हे ऐकून मला जो धक्का बसला तो कुदळीच्या पहिल्या घावापेक्षा कमी नव्हता. शिवाय त्याने इथल्या रद्द परवान्यासाठी वर अपील केले. त्यामुळे आदेश निघाला, की अपिलाचा निकाल लागेपर्यंत खांब जागेवर ठेवावा, कापल्याचा हाच पुरावा.

मग मला सगळे विसरले. कुणी माझ्या पायाशी कचरा टाकला, कुणी माझ्यावर कंपनीच्या जागांची जाहिरात चिकटवली. वारा आणि पाणी माझे कोपरे खात होते. बजरंगला पोकलेनवाले कुणी दारात उभे करेनात. तो कात्रजच्या चौकात रोज सकाळी मजुरीसाठी उभा राहू लागला. मायलेकरे एकाच घरात राहत होती, पण ताट वाढण्यापलीकडे त्यांच्यात बोलणे नव्हते. वरून भांड्यांचा आवाज यायचा, माणसांचा नाही.

पुढच्या वर्षी पाऊस आठवड्यावर आला असताना दिग्विजय सकाळी खाणीत आला. बरोबर बजरंग होता. दिग्विजय आता दादासारखा गोड बोलत होता.

“हे बघ, हात लावू नकोस. फक्त वरच्या उताराचं पाणी याच्या पायाशी येईल अशी चर खण. चार पावसांत खांब आपोआप बसेल. पावसानं पडला, कुणाचा दोष? खांब नाही तर पुरावा नाही. माझं अपील सुटेल, तुझी केस सुटेल. परत कामावर ये. आईला शहरात खोली घेऊन देतो.”

दिग्विजय त्याच्या खांद्यावर थाप मारून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बजरंग कुदळ घेऊन आला. मी त्याला पाहिले आणि मला कळले, आता आपले संपले. मी पडलो तर त्याचा गुन्हा धुऊन जाणार होता. एवढे सोपे काम कोण सोडेल? तो उतारावर चढला आणि चर खणू लागला. एकेक घाव माझ्या काळजात बसत होता. तासाभराने पाहिले तर चर माझ्याकडे येत नव्हती. ती मला लांबून वळसा घालून ओढ्याकडे चालली होती. चर पुरी करून तो खाली आला आणि दगड गोळा करू लागला. मोठे दगड खाली, लहान वर, मध्ये चिपा, असे रचत त्याने माझ्या चारी बाजूंनी पायाला आधार दिला. जो हात मला कापायला वर गेला होता तोच आता माझ्या पायाशी दगड बसवत होता. आपला गुन्हा शाबूत राहावा म्हणून हा माणूस घाम गाळत होता, मित्रांनो!

दुपारी सरुबाई वरून खाली आली. किती वेळ ती पाहत होती कोण जाणे. वाकून तिने एक दगड उचलला आणि त्याच्या हातात दिला. मग दुसरा. तिसऱ्या दगडाला बजरंग म्हणाला, “जड हाय आये, ऱ्हाऊ दे,” आणि ती म्हणाली, “तू लाव मुकाट्यानं.”

अपिलाचा निकाल अजून लागलेला नाही. आमचे गाव आता शहरात मोजले जाते, समोर अकरा मजली सोसायटी झाली आहे, आणि तुमच्यासारखी मुले संध्याकाळी या खाणीत क्रिकेट खेळायला येतात. खुशाल खेळा. फक्त एक विनंती आहे. माझ्यावर चढू नका, माझ्या पायाचे दगड स्टंपसाठी काढून नेऊ नका. तुम्हाला मी मातीचा बिनकामाचा ढिगारा दिसत असेन. पण मी ढासळलो तर वरच्या घरातला मुलगा मोकळा होईल, पण खाण पुन्हा सुरू होईल आणि त्याच्या आईला घर उरणार नाही. तो मुलगा दर पावसाआधी येऊन माझे दगड घट्ट करून जातो. त्याला तेवढी मदत करा.